जॅझमधली आफ्रिका शोधायची कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर लगेच कळेल. तुम्ही दोन वर्षं सॅक्सोफोन शिकताय. जिथे वाचावं तिथे 'जॅझची मुळं आफ्रिकेत' हे वाक्य भेटतं, म्हणून तुम्ही घाना, सेनेगल, मालीकडचं बरंच काही ऐकलंत आणि त्यात जॅझसारखं काहीच सापडलं नाही. सॅक्सोफोन एका बेल्जियन माणसाने बनवलेला, पियानो आणि ट्रंपेट युरोपचे, कॉर्ड्सही युरोपच्या. मग हे मुळांचं बोलणं म्हणजे नुसतं सौजन्य आहे का? आणि खरं असलं तरी ते कळून तुमच्या वाजवण्यात काय फरक पडणार?

मी ड्रमर आहे. लहानपणी सात-आठ वर्षं तबला केला, कॉलेजात ड्रम्सच्या नादी लागलो, पुढची तीसेक वर्षं हॉटेलं, लग्नं, क्लब आणि अधूनमधून नशिबाने खरंखुरं जॅझ. आता वाजवण्यापेक्षा शिकवणं जास्त होतं. तेव्हा हे उत्तर इतिहासाच्या प्राध्यापकाचं नाही, खुर्चीत बसून ठेका धरणाऱ्याचं आहे.

तुमची शंका रास्त आहे, फक्त शोध चुकीच्या जागी चाललाय. तुम्ही ओळखीची चाल शोधताय, ओळखीचं वाद्य शोधताय. मालवणचा माणूस मुंबईत चाळीस वर्षं काढून अगदी छापील मराठी बोलायला लागला तरी दुसऱ्या वाक्याला त्याचा हेल कळतो. शब्दकोश घेऊन बसलात तर एकही मालवणी शब्द सापडणार नाही. जॅझचे शब्द बरेचसे युरोपचे आहेत, हेल आफ्रिकेचा आहे. आणि हेलाबरोबर अजून एक मोठी गोष्ट आली, जिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही: वाजवणाऱ्यांनी आपापसात काम वाटून घ्यायची रीत. जागचं न हलायचं कोणी, बोलायचं कोणी, उत्तर द्यायचं कोणी. माझ्या मते जॅझमधली आफ्रिका मुख्यतः इथे आहे.

हे हवेत राहू नये म्हणून एक ठोस गोष्ट करून बघा. घानाच्या आग्नेय भागात आणि टोगोत एवे नावाचे लोक राहतात. त्यांच्या वाद्यवृंदात दोन तोंडांची एक लोखंडी घंटा असते, तिला गांकोगुई म्हणतात. शिवाय तुंब्यावर मण्यांची जाळी ओढलेला खुळखुळा, दोन-तीन साथीचे ढोल आणि एक मुख्य ढोल. घंटेचा एक ठरलेला बोल असतो. १ ते १२ संथपणे मोजा आणि १, ३, ५, ६, ८, १०, १२ या आकड्यांवर टाळी द्या. सात टाळ्या झाल्या. आता उभे राहा आणि १, ४, ७, १० वर पाऊल टाका. टाळी आणि पाऊल फक्त दोन ठिकाणी भेटतात, १ वर आणि १० वर. बाकी सगळा वेळ ते एकमेकांच्या फटींतून चालतात.

अजून जवळून बघा. पहिल्या तीन टाळ्या, १, ३, ५, या दोन-दोनच्या चालीवर नेमक्या बसतात. शेवटच्या तीन, ८, १०, १२, त्याच चालीच्या बरोबर मधल्या जागांत पडतात. म्हणजे एकाच घंटेत अर्धा वेळ 'वर' आणि अर्धा वेळ 'मध्ये' असा झोका आहे, आणि पाय त्याच वेळी तीन-तीनच्या हिशेबाने चाललेत. तीन आणि दोन यांचं हे भांडण कधीच मिटत नाही, मिटवायचंही नसतं. ते चालू आहे म्हणून अंग हलतं.

बारा म्हटल्यावर तबल्याच्या माणसाला एकताल आठवतो. मलाही आठवला, आणि तिथेच फसलो. वीसेक वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत घानाहून आलेल्या एका गुरुजींकडे दहा दिवस शिकायला मिळालं. पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत घंटा उचलली आणि पाच मिनिटांत सगळा वृंद गडबडला. बोल बरोबर होता, पण सम मी भलत्याच टोल्यावर धरली होती. शेवटची टाळी कानाला जोरकस लागते, पुढची तिच्या पाठोपाठ येते, त्यामुळे १२ लाच सम समजून बसलो होतो. गुरुजींनी माझ्या हातातली घंटा काढून घेतली, दुसऱ्याला दिली आणि मला नाचणाऱ्या बायकांच्या रांगेत नेऊन उभं केलं. तीन दिवस मी फक्त पाय टाकत होतो. चौथ्या दिवशी घंटा परत हातात आली तेव्हा मोजायची गरज उरली नव्हती, कारण १ कुठे आहे हे पायांना माहीत होतं. त्या संगीतात सम घंटेत लिहिलेली नसते, ती नाचणाऱ्याच्या पावलात असते. तबला शिकताना माझ्या गुरूंनी मला कधी नाचायला लावलं नव्हतं!

आपल्याकडे याला सगळ्यात जवळची गोष्ट एकताल नाही, लेहरा आहे. तबल्याच्या सोलोत हार्मोनियमवर तीच एक ओळ तासभर फिरत राहते, जराही बदलत नाही, आणि तिच्या जिवावर तबलजी बोलतो, भांडतो, लपतो, परत येतो. एवे वृंदात घंटा हा लेहरा आहे आणि मुख्य ढोलवाला हा बोलणारा. साथीचे ढोल त्याला ठरलेली उत्तरं देतात. एक गैरसमज इथेच काढून टाकतो: 'आफ्रिकेत सगळे मनाला येईल तसं बडवतात' हे साफ खोटं आहे. दहापैकी आठ-नऊ माणसांना एक अक्षरही इकडचं तिकडे करायची मुभा नसते. मुख्य ढोलवालासुद्धा शिकलेल्या बोलांतूनच बोलतो.

आता जॅझकडे या. ड्रमरच्या उजव्या हाताला जी मोठी झांज असते तिला राइड म्हणतात. तिच्यावर चाललेलं असतं: टिंग, टिंग-ट-टिंग, टिंग-ट. १२ च्या हिशेबात हे टोले १, ४, ६, ७, १०, १२ वर पडतात. घंटेशी ताडून बघा. सहापैकी चार जागा जुळल्या! मी कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना हा 'पुरावा' फळ्यावर लिहून दाखवायचो. मग एके दिवशी संख्याशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने शांतपणे हिशेब मांडला: बारा जागांतून कोणत्याही सात आणि कोणत्याही सहा निवडल्या तर सरासरी साडेतीन जागा आपोआप जुळतात. बोलती बंद. तेव्हापासून तो पुरावा मी फळ्यावरून पुसून टाकलाय.

पण जुळणी आहे, ती आकड्यांत नाही, कामाच्या वाटणीत आहे. १९४०च्या आसपास केनी क्लार्क नावाच्या ड्रमरने ठेका पायातल्या मोठ्या ढोलावरून उचलून राइडवर नेला. वरती धातूचा बारीक आवाज अखंड चालू, आणि खाली ढोल मोकळे, सोलो घेणाऱ्याला टोकायला, हुंकार द्यायला. वर घंटा आणि खाली बोलणारे ढोल, हा नकाशा एवे वृंदाचाच आहे. गंमत म्हणजे तो जॅझ सुरू झाल्यानंतर चाळीसेक वर्षांनी आला. म्हणजे हा सरळ वारसा म्हणता येत नाही. ती सवय मधल्या काळात इतर ठिकाणी जिवंत होती आणि ड्रम्सच्या संचाला ती उशिरा सापडली, असं मला वाटतं. हे माझं मत आहे, सिद्धांत नाही.

मधल्या काळात ती कुठे होती, हे कळायला थोडा इतिहास लागतो. आणि इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं, ते आधी मान्य करतो. 'आफ्रिका' हा शब्दच फार ढोबळ आहे. गुलामांच्या जहाजांवर सुमारे सव्वाकोटी माणसं चढवली गेली. त्यांतली थेट आजच्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उतरली ती चार लाखांच्या आसपास. बाकीची बहुतेक ब्राझील, क्युबा, हैती, जमैकाकडे गेली. त्यामुळे क्युबात आणि ब्राझीलमध्ये ढोलांची घराणी जवळजवळ जशीच्या तशी टिकली, अमेरिकेत नाही. त्यातून १७३९ साली दक्षिण कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. ते ढोल वाजवत निघाले होते. दुसऱ्याच वर्षी कायदा झाला की गुलामांनी ढोल आणि शिंगं बाळगायची नाहीत. मालकांना ढोल म्हणजे निरोप वाटत होता आणि ते काही अगदीच चूक नव्हते.

ढोल काढून घेतल्यावर ठेका अंगात शिरला. मांडी, छाती, टाच यांवर थापा मारून नाचाला साथ करायची एक कलाच झाली. जॉर्जिया-कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर 'रिंग शाउट' नावाचा प्रकार होता, अजूनही थोडा आहे. प्रार्थनेनंतर लोक घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरतात, पाय जमिनीपासून फारसे न उचलता घासत. एक जण झाडूच्या दांड्याने लाकडी जमिनीवर ठेका धरतो, एक गातो, बाकीचे टाळ्यांनी आणि पालुपदाने उत्तर देतात. ढोल एकही नाही, पण वाटणी बघा: एक न हलणारा, एक बोलणारा, बाकीचे झेलणारे. कीर्तनात बुवांनी ओळ टाकली की मागचे टाळकरी ती उचलतात, ते ज्याने बघितलंय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

तारवाद्यांवर बंदी नव्हती. सेनेगल-गांबियाकडून आलेल्या माणसांकडे तुंब्यावर कातडं मढवलेल्या वाद्यांची जुनी परंपरा होती. जोला लोकांचं अकोंटिंग हे त्यातलंच एक: लांब दांडी, तीन तारा, त्यातली एक आखूड, अंगठ्याने छेडायची. याच कुळातून अमेरिकेत बँजो घडला, जो आज बहुतेकांना गोऱ्या शेतकऱ्यांचं वाद्य वाटतो.

या सगळ्यात न्यू ऑर्लिन्स वेगळं पडलं. १७१८ साली फ्रेंचांनी वसवलेलं शहर, मग स्पॅनिश अंमल, आणि १८०३ मध्ये अमेरिकेकडे. कॅथलिक वसाहत असल्याने गुलामांना रविवारी काम नसे, आणि त्या दिवशी ते बाजार भरवत, नाचत. १८१७ मध्ये शहराने हुकूम काढला की असं जमायचं ते एका ठरवून दिलेल्या जागीच. ती जागा पुढे काँगो स्क्वेअर म्हणून ओळखली गेली. आज ती लुई आर्मस्ट्राँगच्या नावाच्या उद्यानात आहे.

१८१९ मध्ये बेंजामिन लॅट्रोब नावाचा वास्तुविशारद तिथून चालला होता. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीवर काम केलेला हा माणूस. त्याला असा आवाज आला की वाटलं, लाकडी जमिनीवर घोडे टापा आपटत गिरणी ओढताहेत. जवळ जाऊन बघतो तर पाच-सहाशे माणसं, लहान लहान रिंगणं करून. एक म्हातारा आडव्या ढोलावर मांडी टाकून बसलेला, हाताची कड आणि बोटं यांनी अतिशय जलद वाजवत होता. एक तारवाद्य होतं, तुंब्याचं, दांडीच्या टोकाला बसलेल्या माणसाची कोरीव आकृती. एक पुरुष कुठल्याशा भाषेत गात होता, जी फ्रेंच नव्हती, आणि बायका एकाच स्वरावर पालुपद धरून होत्या. लॅट्रोबला हे सगळं अजिबात आवडलं नाही. पण त्याने वाद्यांची चित्रं काढून ठेवली, आणि त्या कंटाळलेल्या माणसाच्या टिपणावर आज आपण सगळे उभे आहोत.

इथे एक चूक पुष्कळ लोक करतात: काँगो स्क्वेअरवरून थेट जॅझपर्यंत रेघ ओढतात. ती जमत नाही. तिथले मेळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला विरले होते, आणि ज्याला जॅझ म्हणावं ते १९००च्या अलीकडे-पलीकडे सुरू झालं. मध्ये साधारण दोन पिढ्या गेल्या. त्या दोन पिढ्यांत चर्च होती, कामावरची गाणी होती, आणि त्याच्याही आधी कॅरिबियनमधून आलेल्या मोठ्या लोंढ्याचा ठेका होता. हैतीच्या क्रांतीमुळे क्युबात पळालेले नऊ-दहा हजार लोक १८०९-१० मध्ये न्यू ऑर्लिन्सला आले. मालक, मुक्त कृष्णवर्णीय आणि गुलाम असे तिन्ही प्रकार, साधारण सारख्याच संख्येने. शहराची वस्ती एका झटक्यात दुपटीच्या घरात गेली. म्हणजे ढोल न गमावलेल्या बेटांवरचा ठेका या शहरात नव्याने ओतला गेला.

८ मोजा आणि १, ४, ७ वर टाळी द्या. तीन-तीन-दोन. क्युबाच्या हाबानेरा नाचाच्या पोटात हीच चाल आहे. जेली रोल मॉर्टन हा न्यू ऑर्लिन्सचा पियानिस्ट १९३८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी बोलत-वाजवत ध्वनिमुद्रण देत होता, तेव्हा त्याने सांगितलं की हा 'स्पॅनिश' रंग नसेल तर जॅझला चव येत नाही. तो स्पॅनिश म्हणाला, पण त्या ठेक्याचं माहेर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत आहे, स्पॅनिश हे मधल्या स्थानकाचं नाव.

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर शहरात बँडवाल्यांचा सुळसुळाट झाला. अंत्ययात्रा, मिरवणुका, मंडळांचे नाच, सगळीकडे कवायतीचा पितळी बँड. कवायतीत १ आणि ३ जड असतात: धम, धम. न्यू ऑर्लिन्सच्या मोठ्या ढोलवाल्यांनी काय केलं, तर दर दुसऱ्या आवर्तनाच्या चौथ्या मात्रेवर दणका ठेवला. १८७७ साली जन्मलेल्या बडी बोल्डेन या कॉर्नेटवाल्याच्या (कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटसारखंच एक वाद्य) बँडशी हे श्रेय जोडतात. त्याचं एकही ध्वनिमुद्रण मिळालेलं नाही, त्यामुळे श्रेयाबद्दल फार ताणू नये. पण आजही तिथल्या मिरवणुकीत तो दणका ऐकू येतो, आणि तो पडला की रस्त्याच्या कडेचा माणूससुद्धा पाय टाकायला लागतो. ढोल युरोपच्या सैन्याचा, पुस्तक कवायतीचं, आणि दणक्याची जागा नाचणाऱ्याच्या पावलाची. माझ्या गुरुजींनी मला रांगेत उभं करून जे शिकवलं, तेच.

शहरात तेव्हा दोन तऱ्हांचे वादक होते. मिश्र वंशाचे क्रिओल लोक, फ्रेंच बोलणारे, नोटेशन वाचणारे, सुरेल शिकलेले. आणि शहराच्या वरच्या भागातले, मळ्यांवरून आलेले कृष्णवर्णीय, कानाने वाजवणारे, चर्चमधून तयार झालेले. १८९०नंतर वंशभेदाचे कायदे कडक झाले आणि क्रिओलांनाही 'काळे' म्हणून त्याच बाजूला ढकललं गेलं. एका अन्यायाने हे दोघे एका बँडमध्ये येऊन पडले. कागद एकाचा, हेल दुसऱ्याचा.

याचं एक प्रतिबिंब मी स्वतः मुंबईत बघितलंय. माझे पहिले बँडलीडर गोव्याचे ट्रंपेटवाले होते. गोव्याच्या चर्चच्या शाळेत पाचव्या-सहाव्या वर्षापासून सोल्फेज (स्वर वाचून गायचा अभ्यास) आणि व्हायोलिन घोटलेले, समोर काहीही ठेवा, बघता क्षणी वाजवणार. ते सांगायचे की त्यांच्या आधीच्या पिढीने स्विंग, म्हणजे जॅझचा तो झोका, कागदावरून उचललाच नाही, ताजमध्ये येणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांकडून कानाने उचलला. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा बँड मुंबईत आला, मग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हे अनुक्रमे ट्रंपेटवाले आणि पियानोवाले इथे राहिले, आणि त्यांच्या शेजारी बसून गोव्याच्या मुलांनी वाजवलं. चिक चॉकलेटसारखे वादक तिथून तयार झाले आणि पुढे सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'तून तो झोका थेट आपल्या आईवडिलांच्या रेडिओत शिरला. आमचे बँडलीडर नोटेशनला 'ठिपके' म्हणायचे. एखादा पोरगा अगदी बरोबर पण मेल्यासारखं वाजवायला लागला की म्हणायचे, ठिपके बरोबर आहेत रे, मधली जागा कुठाय?

उलट उदाहरणही घरचंच आहे. आफ्रिकेची माणसं आपल्याही किनाऱ्यावर आली. जंजिऱ्याच्या सिद्दींचं राज्य १९४८ पर्यंत टिकलं, आणि गुजरातच्या सिद्दींकडे मुगरमान ढोल आणि मलुंगा हे धनुष्यासारखं वाद्य अजून वाजतं. तिथे जॅझ झालं नाही. मुळं पुरेशी नसतात. न्यू ऑर्लिन्सला पितळी बँड होते, नाचाला पैसे देणारी गिऱ्हाइकं होती, बंदर होतं, आणि वरून तो वंशभेदाचा कायदा होता. म्हणून 'जॅझ म्हणजे आफ्रिकन संगीत' असं कोणी म्हटलं तर मी नकारार्थी मान हलवतो. आर्ट ब्लेकीसारखा ड्रमर, जो १९४०च्या दशकाअखेरीस पश्चिम आफ्रिकेत राहून आला होता, तोही आयुष्यभर ठणकावून सांगत राहिला की जॅझ अमेरिकेतच झालं, आफ्रिकेचा त्याच्याशी संबंध नाही. मी त्याच्याशी निम्मा सहमत आहे. पण त्याचं वाजवणं ऐकलं की उरलेला निम्मा मी गप्प बसून ऐकतो.

तुम्ही सॅक्सोफोनवाले, तेव्हा आवाजाबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पश्चिम आफ्रिकेत स्वच्छ, गुळगुळीत स्वराला फार किंमत नाही. बालाफोन या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याखाली तुंबे टांगतात आणि तुंब्याच्या भोकांवर कोळ्याच्या अंड्यांच्या कोषाचा पातळ पापुद्रा चिकटवतात, मुद्दाम, आवाज किणकिणावा म्हणून. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्याला हे लगेच पटेल. ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ बँडमधला बबर माइली ट्रंपेटच्या तोंडावर रबरी प्लंजर धरून गुरगुरायचा, ते याच आवडीचं टोक. दुसरी गोष्ट ब्लूजच्या, म्हणजे जॅझला जवळच्या त्या कृष्णवर्णीय अमेरिकन गाण्याच्या, गंधाराची. तो कोमल नाही, शुद्ध नाही, दोहोंच्या मध्ये हलणारी एक जागा आहे. पियानोवर ती नाहीच, म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम चिरडतात. सॅक्सोफोनवर मात्र ती ओठात आहे. तीच सोय तुम्हाला मिळालीय आणि तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्ही ट्यूनरकडे बघून तिला सरळ करताय.

आणि 'ठेका आफ्रिकेचा, स्वरमेळ युरोपचा' अशी सरळ फाळणीही करू नका. घानाचे आकान लोक दोन आवाजांत समांतर तिसऱ्या स्वराने गातात. चर्चमधली चार आवाजांची भजनं कानावर पडली तेव्हा सगळ्यांनाच ती परकी वाटली असतील असं मानायचं कारण नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, वाजवण्यात काय फरक पडेल. गाण्यात कोंगा ढोल घालून ते 'आफ्रिकन' होत नाही, तेवढं टाळा. माझ्याकडे येणारी फुंकवाद्याची मुलं दोन चुका नेमाने करतात. प्रत्येक वाक्य १ वर सुरू करतात, आणि दिलेली सगळी जागा भरून टाकतात. समोरच्याला उत्तर द्यायला फटच उरत नाही. काउंट बेसीचा १९३०च्या दशकातला बँड ऐका. त्यांच्या कित्येक रचना कागदावर न लिहिता तोंडी बसवलेल्या असत. सॅक्सोफोनवाले चार स्वरांचा एक तुकडा धरतात आणि सोडतच नाहीत, ट्रंपेटवाले त्याच्या फटीत दुसरा टाकतात, आणि सोलोवाला या दोघांच्या मधून वाट काढतो. सॅक्सोफोनवाले घंटा झालेत.

तसंच करून बघा. चार स्वरांचा एक तुकडा घ्या, जो १ वर सुरू होत नाही. तो फोनवर दोन मिनिटं ध्वनिमुद्रित करा, एकदाही न बदलता. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा हे अवघड आहे, तिसाव्या सेकंदाला हात शिवशिवायला लागतात. मग तो लावा आणि फक्त त्याच्या फटींत वाजवा. आधी तोंडाने गा, मग वाद्यावर आणा. जे गाता येत नाही ते वाजवू नका.

पण त्याच्याही आधी घंटा. रोज दहा मिनिटं, सॅक्सोफोन पेटीत ठेवून. पायाने १, ४, ७, १०, टाळीने १, ३, ५, ६, ८, १०, १२. पहिल्या आठवड्यात टाळी सुरू झाली की पाय थांबेल, किंवा पाय हळूच टाळीच्या मागे जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही, म्हणून घरातल्या कोणाला तरी पायाकडे बघायला सांगा. जमायला लागलं की टाळी देता देता घरात चालायला लागा, आणि चालता चालता कोणाशी तरी चार वाक्यं बोला. बोलणं न अडखळता झालं की मग पेटी उघडा.